समोरचा डोंगर

नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगावजवळ सत्याग्रही घाट लागतो. एस.टी.ला तो पार करायला काही मिनिटे पुरतात. तेवढ्यात खिडकीतला प्रवासी सागाची झाडी पाहतो, समोरून येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नने दचकतो आणि घाट संपतो. आम्ही तळेगावकरही याहून फार वेगळे वागलो नाही. कॉलेजसाठी आर्वी, मोठ्या दवाखान्यासाठी सेवाग्राम, लग्नाच्या बस्त्यासाठी अमरावती, असे आम्ही चहूकडे गेलो. डोंगर तेवढा समोर उभा राहिला. त्याच्यावर गेले ते गुरे राखणारे गायकी, मोहफुले वेचणाऱ्या बाया, तेंदूपत्त्याचे मजूर आणि जंगल खात्याची माणसे.

ही पुस्तिका त्या डोंगरावर जाऊन त्याच दिवशी घरी परतण्यासंबंधी आहे. गावातल्या काही तरुण मुलामुलींनी दोन हिवाळे या वाटा पायाखाली घातल्या, लागलेला वेळ टिपला, कोणत्या नाल्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी राहते ते लिहून ठेवले आणि प्रस्तावनेचे काम माझ्यावर सोपवले. वाटांचे वर्णन पुढच्या पानांत आहे. मला लिहायचे आहे ते निघण्याच्या आदल्या दिवसाबद्दल. घराजवळच्या डोंगराची आखणी कशी करायची, आणि मुळात ती करायचीच कशाला?

हा दुसरा प्रश्न मला गावात अनेकदा ऐकावा लागला. "समोरच त हाय, त्याले काय पलान लागते?" एके काळी मलाही असेच वाटायचे.

डिसेंबरातला एक रविवार होता. आम्ही तिघे मित्र घरून जेवून साडेदहाला निघालो. प्रत्येकाकडे एक लिटरची बाटली, खिशात भाजलेले शेंगदाणे. माथ्यावर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. तिथून पलीकडची धार हाताच्या अंतरावर वाटली, म्हणून तिकडे वळलो. आपले डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत, लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेले. माथा सपाट आणि कडेला पायऱ्यांसारखे उतार. गावातून एकच टेकडी दिसते. वर गेल्यावर तिच्यामागे तशीच दुसरी निघते आणि दोघींच्या मधे खोल नाला असतो, तो खालून कधीच दिसत नाही. त्या नाल्याने आमची संध्याकाळ खाल्ली. सूर्य गेला तेव्हा महामार्गावरच्या गाड्यांचे दिवे स्वच्छ दिसत होते, ट्रकचे ब्रेक ऐकू येत होते. सरळ रेषेत रस्ता दीड किलोमीटरही नसेल. पण मधे नाला होता आणि नाल्याच्या दोन्ही काठांना बोरी-बाभळीची जाळी. मोबाईलच्या उजेडात चाचपडत एकदाची पांदण सापडली तेव्हा आठ वाजून गेले होते. मोजे कुसळांनी इतके भरले होते की ते फेकूनच द्यावे लागले. आणि इकडे गावात आमचा शोध बसस्टँडवर चालला होता, कारण आम्ही डोंगरावर गेलो हे तिघांपैकी एकाच्याही घरी ठाऊक नव्हते.

लांबच्या डोंगराला जाताना आपण असे वागत नाही. आपल्याकडची माणसे श्रावणात पचमढीच्या नागद्वारीला जातात, महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. महिनाभर आधी सोबत ठरते, कोणाचे गुडघे कसे आहेत याची चौकशी होते, पिठाची-डाळीची पोटली बांधली जाते, आधी जाऊन आलेल्याला विचारले जाते. तीच माणसे घरामागच्या टेकडीवर चपला घालून रिकाम्या हाताने निघतात. डोंगर जवळचा असला म्हणजे तो ओळखीचा असतो, ही समजूतच घात करते. मला या प्रस्तावनेत एवढेच पटवायचे आहे की नागद्वारीला जेवढी विचारपूस करता तेवढीच समोरच्या डोंगरासाठी करा.

या डोंगराशी गावाचे नाते मानाचे आहे, ते आधी सांगतो, कारण आखणीतल्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच समजतात. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला समुद्र नाही. इथल्या लोकांनी मग मिठाऐवजी गवत धरले. राखीव जंगलात शिरायचे, परवान्याशिवाय गवत कापायचे आणि अटक करून घ्यायची. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून वऱ्हाडात सुरुवात केली. २१ जुलैला डॉ. हेडगेवार यवतमाळजवळ लोहाऱ्याला सत्याग्रहात उतरले. वर्धा जिल्ह्यात हा सत्याग्रह आमच्या तळेगावला झाला, आणि घाटाचे नाव त्याचीच आठवण सांगते. पुढे बैतुलच्या गोंड-कोरकूंनी हाच मार्ग धरला. शिवनी जिल्ह्यात टुरिया येथे आणि कोकणात चिरनेरला तर जंगलासाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या.

गवतासाठी एवढे का? शहरात वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न पडू शकतो. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गायीचा मुलूख आहे. पांढरी, अंगाने हलकी, पायाने चपळ अशी ही गाय. नंदगवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर चारून वाढवली. कारंज्याजवळ हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी केंद्रही आहे. डोंगरावरचे गवत बंद झाले की गाय संपली, गाय संपली की बैल संपला आणि बैल संपला की शेत पडीक. तेव्हाच्या माणसाला हे सगळे एका दमात दिसत होते.

आजच्या फिरणाऱ्याला यातून एक व्यवहाराची गोष्ट शिकायची आहे. आपल्या डोंगरावरच्या वाटा फिरायला येणाऱ्यांसाठी कोणी आखलेल्या नाहीत. त्या गुरांच्या खुरांनी पडल्या आहेत. गुरांना माथ्याशी काही देणेघेणे नसते. त्यांची वाट उताराला आडवी, हलक्या चढाने जाते, जागोजागी फुटते, आणि प्रत्येक फाटा शेवटी गवताला किंवा पाण्याला मिळतो. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर फिरून आलेला माणूस इथे चकतो तो यामुळेच. तिथे ठळक वाट धरली की ती दरवाजात नेऊन सोडते. इथे ठळक वाट नाल्यावर नेते. म्हणून माथ्यावर जायचे असेल तर दर फाट्याला थांबून मागे वळून पाहावे, खूण लक्षात ठेवावी. मोठा दगड, वाकडा धावडा, वारुळ, काहीही चालेल. आणि चुकलात, तर चार वाजल्यानंतर कान उघडे ठेवा. गुरे उतरू लागली की घंटांचा आवाज येतो. त्यांच्या मागे चालत राहिले की गाव येते.

वेळेचा हिशेब आता सांगतो. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने एक साधा ठोकताळा मांडला, तो आजही जगभर वापरतात. दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात पाच किलोमीटरला एक तास आणि शंभर मीटर चढाला वरची दहा मिनिटे. हा ठोकताळा मुलांनी आमच्या वाटांवर लावून पाहिला. जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या डोंगरांची उंची जुन्या गॅझेटिअरात दिली आहे: मालेगाव १७२६ फूट, नांदगाव १८७४ फूट, जैतगड २०८६ फूट. एकटी कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जैतगडाच्या अडीचपट. त्यातही आपण सुरुवात समुद्रसपाटीपासून करत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष चढ शे-दोनशे मीटरचा उरतो. चढ इथे वेळ खात नाही. वेळ खाते सपाटी. माथ्यावर गुडघाभर कुसळी गवत, त्याखाली सुटे दगड, मधेच समतल चर. आठ किलोमीटरच्या वाटेला नेस्मिथच्या हिशेबाने दोन तास यावेत. मुलांच्या वहीत जवळपास चार तास आहेत. तेव्हा ठोकताळ्याचे उत्तर काढा आणि दुप्पट धरा. लहान मूल किंवा साठीचे माणूस सोबत असेल तर त्यावर आणखी एक तास.

समतल चरांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. पावसाचे पाणी डोंगरावरच मुरावे म्हणून हे चर उताराला आडवे खोदलेले असतात. याच भागातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या कोलाम वस्तीच्या गावाने २०१७ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला, तो अशाच कामाच्या जोरावर. बाया-माणसांनी ऐन उन्हाळ्यात, रात्री-पहाटे कुदळी चालवून हे चर खणले. पावसाळ्यानंतर गवत वाढते आणि चर दिसेनासा होतो. त्यात पाय जाऊन घोटा मुरगळणे ही या डोंगरावरची सगळ्यात नेहमीची दुखापत आहे. काठी पुढे टेकवत चाला. चर आडवा आला तर उडी मारून त्याचा बांध ढासळवू नका, उतरून चढा. त्या मातीत कोणाचे तरी एक उन्हाळाभराचे कष्ट आहेत.

परतीची वेळ निघण्याआधी ठरवायची, वर गेल्यावर नव्हे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. नाल्यात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारते. सकाळी सातला पांदणीला लागा. दुपारी बारा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरा, माथा हाताशी आलेला असो वा नसो. या एका नियमावर मुलांची आणि माझी खूप वादावादी झाली. मी अडून राहिलो आणि तो पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापला आहे.

ऋतूबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस फिरण्याचे. पावसाळ्यात डोंगर सगळ्यात देखणा असतो हे खरे, पण त्या दिवसांत माथ्यावर उघड्यावर विजेला तोंड द्यावे लागते. विदर्भात शेतात काम करताना वीज पडून माणसे जातात, हे दर मृगात आपण वाचतो. सपाट माथ्यावर उभा असलेला माणूस हा तिथला सगळ्यात उंच जीव असतो. जायचेच असेल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा, आणि ढग गडगडला की झाडाखाली न थांबता खाली उतरा. शिवाय पायथ्याची काळी माती ओली झाली की बुटाला शेर-शेर चिकटते आणि दोन तासांची वाट चार तासांची होते. उन्हाळ्याबद्दल एका ओळीत: पारा पंचेचाळिसाला जातो, कोणीही जाऊ नये.

पाण्याचा मुद्दा मला एका गायक्याने शिकवला. जानेवारी होता. नाल्याच्या वळणावर तो भेटला, डोक्याला दुपट्टा, कमरेला विळा, हातात काठी.

"कुठी चालले जी?"

आम्ही माथ्याकडे बोट केले. त्याने आमच्या पिशव्या पाहिल्या. "पानी?" आम्ही बाटल्या दाखवल्या. "हे त अकराले संपते. मंग?"

आम्ही म्हणालो, वर नाला आहे ना.

"थो दिवाळीतच आटला. या इकडे."

नाल्याच्या पात्रात, जिथे काठ आतल्या बाजूला वळतो तिथे तो उकिडवा बसला. वरची कोरडी वाळू हाताने सारली, मग एका चपट्या दगडाने उकरू लागला. वीतभर खाली वाळूचा रंग गडद झाला. कोपरभर खाली कडा ढासळू लागल्या आणि तळाशी पाणी पाझरले, चहासारखे गढूळ. ते त्याने ओंजळीने काढून फेकले. पुन्हा पाझरू दिले, पुन्हा फेकले. मग हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसला. पाच-सात मिनिटे गेली असतील. तिसऱ्यांदा आलेल्या पाण्यात तळाची वाळू कण न् कण दिसत होती. त्याने पळसाचे पान दुमडून द्रोण केला, पहिला द्रोण आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाला दिला. पाणी गार होते आणि त्याला ओल्या वाळूचा वास होता.

याला आपल्याकडे झिरा म्हणतात. कोणत्या नाल्यात झिरा लागतो आणि कोणत्या महिन्यापर्यंत, याची पुढच्या पानांतली यादी त्या गायक्याने आणि त्याच्यासारख्या चौघा-पाचांनी तोंडी सांगितलेली आहे. ती अडीअडचणीसाठी आहे. रोजच्या सवयीच्या पाण्यावर वाढलेल्या पोटाला झिऱ्याचे पाणी मानवेलच असे नाही, आणि तिथे पाणी पिणारे इतर जीवही आहेत. माणशी तीन लिटर घरून न्यावे. खायला भाकर किंवा पोळी, झुणका, ठेचा, कांदा, चार संत्री. संत्र्याच्या गावात राहून चिप्सची पाकिटे वर नेऊ नयेत, असे मला मनापासून वाटते. साली मातीत जातात, पाकिटे वर्षानुवर्षे बोरीच्या काट्यांना अडकून राहतात.

रोडग्यांचा विषय निघणारच. हिवाळ्यात शेतात झाडाखाली गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, हा आपला आवडता बेत. शेतात खुशाल करा. डोंगरावर मात्र काडीसुद्धा ओढू नका. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, पण कुसळ जानेवारीतच बारुदासारखी वाळलेली असते. गोवरीचा निखारा वरून विझलेला दिसतो आणि आतून तासन्‌तास जिवंत राहतो. मोहाखाली फुले वेचायला सोपे जावे म्हणून पालापाचोळा जाळण्याची जुनी रीत आहे आणि तिनेही वणवे लागतात. त्यावर वेचणाऱ्यांशी बोलायला हवे. पण त्यांचे पोट त्यावर आहे. आपली सहल आहे. आपल्याला सबब नाही.

परवानगीबद्दल मुलांना पुष्कळ शंका होत्या. घाटाभोवतीचे बरेच जंगल वन विभागाच्या तळेगाव वनपरिक्षेत्रात येते. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा ठरू शकते. आदल्या दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन कोण, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत, हे सांगावे आणि ते नको म्हणाले तर जाऊ नये. काही तरुण यावर सत्याग्रहाचा दाखला देतात. त्यांना माझे उत्तर असे: १९३० साली ज्यांनी जंगलचा कायदा मोडला त्यांनी तो दिवसाढवळ्या, आधी जाहीर करून, तुरुंगाची तयारी ठेवून मोडला. रविवारच्या फिरण्यासाठी चोरवाटेने शिरणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये.

आणि वन खात्याचे 'नको' बहुतेक वेळा कारणाशिवाय नसते. बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत तो मोडतो, म्हणून तिथे वाढलेल्या तरुण वाघांना नव्या जागेच्या शोधात बाहेर पडावेच लागते. त्यांच्या वाटा जिल्ह्याच्या याच डोंगराळ भागातून जातात. २०१८ साली चंद्रपूरकडून निघालेला एक तरुण वाघ वर्धा जिल्हा आणि वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात पोचला. तिथे दोन माणसांचा जीव गेला, आणि शेवटी तो मध्य प्रदेशात पकडला गेला. वाघ रोज भेटणार नाही. बिबट आणि अस्वल जास्त जवळचे. मोह गळण्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलात, पहाटे मोहाच्या झाडाखाली अस्वल असते. पहाटे वेचायला गेलेल्या माणसांवरचे हल्ले याच वेळचे. ताजे पाऊल, ताजी विष्ठा, माकडांचा एकसारखा खोकल्यासारखा आवाज, यातले काही आढळले तर मोठ्याने बोलत, सगळे एकत्र राहून आल्या वाटेने परत फिरावे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

जनावरांपेक्षा मला जास्त भीती तारेची वाटते. रोही आणि रानडुक्कर पिके खातात, शेतकरी रात्र-रात्र जागतो, त्याची अडचण खरी आहे. बरेच जण सौर झटका मशीन लावतात. तिचा धक्का बसतो पण जीव जात नाही. काही ठिकाणी मात्र रात्री खांबावरून थेट वीज घेऊन तारेत सोडली जाते. त्याने जनावरे मेली आहेत, माणसेही मेली आहेत. बाहेरून पाहून कोणती तार कसली हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर शेताचा धुरा ओलांडायचा नाही, कितीही जवळचा रस्ता असो. पांदणीनेच जायचे. दिवसासुद्धा तारेला हात लावण्याआधी शेतातल्या माणसाला हाक मारून विचारायचे, "दादा, करंट आहे का?" हे वाक्य मुलांनी लहान भावंडांना पाठ करून दिले आहे.

सापाबद्दल थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. बूट घालावेत, दगड उचलू नये, दगडाच्या पलीकडे न पाहता पाय टाकू नये. चावला तर चिरा देणे, आवळून बांधणे, बुवाकडे नेणे यातले काहीही करू नये. चावलेला भाग न हलवता १०८ ला फोन करून लवकरात लवकर सरकारी दवाखाना गाठावा. प्रत्येक वाटेच्या पानावर फोनला कुठे रेंज मिळते ते बाणाने दाखवले आहे. मुलांच्या कामातले मला सगळ्यात आवडलेले ते हेच बाण.

मुलींना या पुस्तिकेच्या कामावर पाठवू नका, असा सल्ला दोन-तीन घरांतून आला होता. तो सल्ला देणाऱ्यांना मी एवढेच विचारले की मार्चमध्ये पहाटे चारला टोपली घेऊन डोंगर कोण चढते? तेंदूपत्त्याचे पुडके डोक्यावर घेऊन कोण उतरते? या डोंगराची पायवाट न् पायवाट आपल्या गावच्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या बायांनी आधीच पाहिली आहे. पुढच्या पानांतल्या दोन वाटा मुलींनी आपल्या आज्यांना विचारून शोधल्या आहेत, आणि त्याच सगळ्यात चांगल्या सावलीच्या आहेत.

पायी फिरणे हे शहरातल्या मोकळ्या लोकांचे फॅड आहे, असेही कानावर आले. वर्धा जिल्ह्यात हे बोलू नये. ३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, गांधीजी मगनवाडीहून सेगावला पायी गेले, तेच पुढचे सेवाग्राम. त्यांचे सकाळ-संध्याकाळचे फिरणे शेवटपर्यंत सुटले नाही. १९५१ साली विनोबा याच जिल्ह्यातून पायी निघाले आणि तेरा वर्षे देशभर चालले. चालताना माणसाला गाव कळते, यावर त्या दोघांचा विश्वास होता. आपल्याला निदान आपल्या गावाची सीमा तरी पायाने कळावी. माथ्यावरून पश्चिमेला वर्धा नदीचे खोरे उघडते, खाली संत्र्यांच्या बागांचे गडद चौकोन आणि कपाशीचे फिके पट्टे दिसतात, महामार्ग एखाद्या दोरीसारखा पडलेला दिसतो, आणि आपले घर कोणते ते शोधायला बराच वेळ लागतो. मी प्रत्येक वेळी आधी शाळा शोधतो, मग तिथून घर.

पहिल्या फेरीसाठी डिसेंबरातला एखादा कोरडा दिवस निवडा आणि पुस्तिकेतली सगळ्यात लहान वाट घ्या. चौघांपेक्षा कमी जाऊ नका, दहांपेक्षा जास्त नको. आदल्या संध्याकाळी वन कार्यालयात सांगून या, बूट तपासा, बाटल्या भरून दाराशी ठेवा. घाटात महामार्गाच्या कडेला गाडी लावून चढायला सुरुवात करू नका. गावातून पांदणीनेच निघा. वर गायकी भेटला तर रामराम घाला, त्याला कुठे चाललो ते सांगा आणि तो पाण्याबद्दल काय म्हणतो ते ऐका.

पुस्तिकेच्या शेवटी दहा पाने कोरी ठेवली आहेत, कडेला भोके पाडून, फाडता यावीत अशी. निघण्याआधी त्यातले एक पान फाडा. त्यावर कोणती वाट, सोबत कोण, परत किती वाजता, एवढे लिहा आणि ते घरी कोणाच्या तरी हातात देऊन मगच दार ओढा.